जनरल सासरे, त्यांची काठी आणि असोद्याची वांगी

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. फक्त हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात की माझा धीर सुटतो.

माझे सासरे फौजेत जनरल होते, साक्रीच्या बाजूचे. त्यांची पलटण रणगाड्यांची, पण मूळची घोडदळाची. म्हणून हे शेवटपर्यंत स्वतःला घोडेस्वारच म्हणवायचे. रिटायर होऊन गावी आले ते घोडा घेऊनच. गळ्यात लाल रेशमी रुमाल, मिशा वर वळवलेल्या आणि हातात वेताची काठी. तिला पितळेची मूठ, घोड्याच्या तोंडाची. आठवडी बाजारात वांगी घ्यायचे तीसुद्धा परेडची पाहणी केल्यासारखी. काठीनं एकेक वांगं दाखवायचे आणि म्हणायचे, "याची पाठ सरळ नाही. पुढचा."

अशा माणसाला जावई कोण मिळाला? मी. जळगावच्या एका कॉलेजातला ग्रंथपाल. लग्नात मला घोडीवर बसलेला पाहून ते म्हणाले होते, "जावई घोडीवर बसलाय का घोडीला लटकलाय?" वीस वर्षं झाली, सासरी हे वाक्य अजून चालू आहे.

मागच्या वर्षी ते गेले. दर हिवाळ्यात ते मळ्यात भरीत पार्टी द्यायचे. ती यंदाही व्हायचीच, असं सासूबाईंनी ठरवलं. पलटणीतले चार म्हातारे साहेब येणार, आठवणी सांगणार आणि जाताना ती काठी घेऊन जाणार होते. मेसमध्ये काचेच्या कपाटात ठेवायला.

जळगावजवळच्या असोद्याहून भरताची नावाजलेली वांगी मी आणली. जाळही माझ्याकडेच होता. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजल्याशिवाय आमच्याकडे वांग्याला भरीत म्हणत नाहीत, त्यामुळे काड्यांचा ढीग रचलेला. सासूबाईंनी मला काठी दिली आणि "पाहुणे येईपर्यंत सांभाळा" म्हणाल्या.

आता खरं सांगा, जनरलची काठी हातात आल्यावर तुम्ही काय केलं असतं? मी त्यांचाच लाल रुमाल गळ्यात बांधला, काठी बगलेत मारली आणि मोबाइलवर स्वतःचे फोटो काढले. एक, दोन, अकरा. तेवढ्यात बायकोनं हाक मारली, "अहो, जाळ लावा ना." मी काठी टेकवली. कुठे? काड्यांच्या ढिगाला.

आणि मग कवेत येतील तेवढ्या काड्या उचलून जाळात टाकत राहिलो. जाळ फार सुरेख लागला हो. मीच कौतुक केलं.

मळ्यावरचे सालदार सुकदेवभाऊ वांगी उलटत होते. त्यांनी चिमट्यात काहीतरी धरून वर काढलं.

"जावईबापू, हाई काय शे? घोडा दिसस."

 चिमट्यात नुसती मूठ होती. वेताचं नावनिशाण नव्हतं.

"आते कसं व्हई?" सुकदेवभाऊ म्हणाले.

कसं होणार? पाहुण्यांची गाडी अर्ध्या तासावर आली होती. सुकदेवभाऊंनी निंबाची सरळ फांदी तोडून सोलली. मी राखेनं मूठ घासली. ती आधीपेक्षा चकचकीत निघाली. बाभळीचा डिंक आणि पुऱ्यांची कणीक कालवून मूठ बसवली. दांड्याला जनरलसाहेबांच्याच बुटांचं तांबडं पॉलिश चोपडलं. लांबून ती जुनीच काठी वाटली आणि मी देवाला नारळ बोलून टाकला.

साहेब लोक आले. काठी हातोहात फिरली. एकानं वास घेतला, डोळे मिटले. "तोच वास. साहेब शेजारी उभे असल्यासारखं वाटतं." दुसरे म्हणाले, "या काठीचा फटका खाल्लाय मी. वजन विसरणार नाही." मी आपला मान हलवतोय आणि कणीक सुकली असेल का, याचा हिशेब करतोय.

पंगत बसली. केळीच्या पानावर भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. सगळ्यात वयस्कर ब्रिगेडियर साहेब काठी घेऊन उठले. "सगळ्यांना गप्प करायला जनरलसाहेब अशी ठोकायचे," म्हणत त्यांनी ती जमिनीवर ठोकली.

मूठ उडाली आणि त्यांच्याच पानावर, भरतात जाऊन बसली.

सगळे गप्प झाले. ऐंशी वर्षांचा तो माणूस काठी ठेवून पुढे आला. सासूबाईंपुढे हात जोडून म्हणाला, "वहिनी, मला माफ करा. तीस वर्षांची वस्तू माझ्या हातून मोडली."

तुमच्यापासून काय लपवायचं? एक क्षणभर मला फार बरं वाटलं. आळ आपोआप दुसऱ्यावर गेला होता, मला फक्त पुरी खात बसायचं होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी हातातली पुरी पानात ठेवली.

उठलो आणि सगळं सांगितलं. फोटोंसकट. अकराच्या अकरा.

 सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या, जावईबापू. तीस वरीस ती काठी मनी सवत व्हती. बरं व्हयनं, जळनी."

नवऱ्याच्या काठीला आपली सवत म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वर्षभरात पहिल्यांदा. ब्रिगेडियर साहेब हसले, सगळी पंगत हसली, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानंतर मी किती पुऱ्या खाल्ल्या ते विचारू नका.

ब्रिगेडियर साहेबांनी मूठ धुऊन घेतली आणि निंबाची काठीही हट्टानं सोबत नेली. परवा त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला. मेसमधलं काचेचं कपाट, आत आमची काठी, खाली पितळी पाटी. पाटीवर कोरलंय: "मूठ जनरलसाहेबांची. काठी साक्रीच्या निंबाची. मूळ काठीचं भरीत जावयानं केलं."

खाली माझं पूर्ण नाव आहे. पुढे कंसात: ग्रंथपाल, पायदळ.