कोकराची माय

आज कुंड्यांसाठी लेंडीखताचं पोतं आलं. तोंड सोडलं, तो उग्र, उबदार वास नाकात गेला आणि काशी आठवली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत शहर बंद होतं. शाळा बंद, वडिलांची चिकलठाण्याची कंपनी बंद, म्हणून ते घरी बसून माझ्याकडून पाढे घोकून घेत. गारखेड्यात तेव्हा आमच्या घरामागं मोकळं रान होतं. तिथं धनगरांचं एक बिऱ्हाड उतरलेलं. काशी त्यांची पोर, माझ्याएवढीच, सहाएक वर्षांची. काड्यांचा वाडा करून ती त्यात लेंड्यांची मेंढरं कोंडत होती. मोठी लेंडी मेंढी, बारकी लेंडी कोकरू. घरची माणसं रोज संध्याकाळी कोकरं पाजायला लावत तसं प्रत्येक कोकरू ती त्याच्या मायजवळ लावत होती. एक कोकरू उरलं होतं आणि मान खाली घालून ती त्याची माय शोधत होती.

मी खिडकीतून हाक मारली. तिला ऐकूच गेलं नाही. तिचा बाप भाकरी घेऊन मागं उभा होता.

"हाक मारू नको, बाई," तो हळूच म्हणाला. "तिच्या कोकराला माय सापडंना."

आणि तसाच उभा राहिला.

"सात सक?" माझ्या वडिलांनी विचारलं.

मी बेचाळीस म्हटलं. बेचाळीस म्हणजे किती, ते मला ठाऊक नव्हतं. मला फक्त तो बाप हवा होता.

आता नात त्याच खतात रमली आहे. दुधाचा पेला घेऊन मी तिच्या मागं उभी आहे. साय धरली तरी हाक मारत नाही. माझा जळफळाट मात्र अजून संपलेला नाही. तेव्हा तो काशीवर होता, आता हिच्यावर आहे.