एकविसावं कुलूप

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. अमावास्येला मशीनपुढे नारळ फोडणाऱ्या ऑपरेटरांशी मी भांडलेय, की बाबांनो, नारळ राहू दे, आधी मशीनवरची जाळी नीट बसवा. माझी नोकरीच संशय घ्यायची आहे. सेफ्टी ऑफिसर. काहीही झालं की माझा पहिला प्रश्न – "कुणी केलं?" बहुतेक वेळा अर्ध्या तासात उत्तर मिळतं. या एका प्रकाराचं दोन वर्षं झाली तरी मिळालेलं नाही... म्हणून इथे लिहितेय.

साकीनाक्याला खैरानी रोडवरून आत वळलं की गाळ्यांच्या रांगा लागतात. त्यातल्या एका मोठ्या गाळ्यात आमचं युनिट. प्लास्टिकचे रंगीत दाणे बनतात. नाव सांगणार नाही. तळमजल्यावर एक मोठा मिक्सर आहे, आत फिरणारी पाती. रंग बदलायचा असला की एक माणूस वाकून आत उतरतो आणि आधीचा रंग खरवडून काढतो. मिक्सरचं तोंड मागच्या बाजूला आणि मेन स्विच पुढे, भिंतीच्या अलीकडे. म्हणजे स्विचपाशी उभ्या असलेल्याला आतला माणूस दिसत नाही.

म्हणून कुलपाचा नियम. स्विच बंद करून त्याला सहा भोकांचा लोखंडी चिमटा लावायचा. जो आत उतरणार त्याने त्यात स्वतःचं लाल कुलूप अडकवायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढायचं. मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. कुलपं वीस, प्रत्येकावर नंबर कोरलेला. शिवाय दर वेळी एक परमिट भरायचं. त्यात शेवटी छापलंय – 'मी स्वतः जागेवर जाऊन कुलूप पाहिले आहे' – आणि खाली माझी सही.

कागदावर सगळं झकास. आता खरं सांगते. माझ्याकडे हे युनिट आणि मुलुंडचं गोडाऊन, दोन्ही होतं. धावपळ नको म्हणून दर शनिवारी मी आठवड्याभराच्या कोऱ्या परमिटांवर सह्या करून गठ्ठा सुपरवायझरांकडे द्यायचे. दुसरं म्हणजे, लोक किल्ल्या खिशात घेऊन घरी जातात आणि पुढची शिफ्ट खोळंबते, म्हणून आमचे मॅनेजर नाईक सर यांनी सगळ्या कुलपांच्या डुप्लिकेट किल्ल्यांचा जुडगा ड्रॉवरमध्ये ठेवला होता. मला माहीत होतं. एकदा मेलही केला. उत्तर आलं, "मॅडम, थोडं प्रॅक्टिकल व्हा." झाले प्रॅक्टिकल! कागदावर मला अख्खं युनिट बंद करायचा अधिकार आहे, पण माझी रजा आणि माझं प्रमोशन नाईक सरांच्या हातात. काय समजायचं ते समजा.

तो बुधवार होता. आमची शिफ्ट दुपारी तीनला बदलते. मी वर केबिनमध्ये ऑडिटच्या फायली लावत होते. तीन वाजून पाचेक मिनिटांनी दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरचा, विन्सेंटचा फोन आला. तो मरोळ गावठाणातला, माझ्याच वयाचा, आमचं अगं-अरे चालतं.

"तुझं कुलूप काढ ना गं, मिक्सर चालू करायचाय."

"माझं कुठलं कुलूप?"

"मग कुणाचं? परबचं मी सरांच्या किल्लीने काढलं. त्याच्या बाजूला अजून एक लटकतंय. जुडग्यातली एकपण किल्ली लागत नाही त्याला."

परब म्हणजे आमचे फिटर परबकाका. मालवणकडचे, रिटायरमेंट जवळ आलेली. सात नंबरचं कुलूप त्यांचं.

"परबकाकांचं का काढलंस?"

"अगं तो गेला घरी. कार्ड स्वाइप झालंय त्याचं. नेहमीसारखं कुलूप विसरला असेल."

इथे आमच्याकडची एक सवय सांगायला हवी. शिफ्ट सुटताना गेटवर रांग लागते, म्हणून एकच माणूस पाच-सहा जणांची कार्डं घेऊन जातो आणि सगळी एकदम स्वाइप करतो. मला हेही माहीत होतं. नेमकं तेव्हा आठवलं नाही.

खाली गेले. चिमट्यात एकच कुलूप उरलं होतं. लाल, आमच्याच बनावटीचं. हातात धरून वळवलं तर नंबर २१.

माझं डोकं सटकलं. वीस कुलपं मी स्वतः मोजून घेतलेली, हे एकविसावं आलं कुठून? पहिला संशय विन्सेंटवर – हा मस्करी करतोय. मग वाटलं, ऑडिटच्या तोंडावर नाईक सरच मला गोत्यात आणतायत, म्हणजे डिस्पॅच लेट झाल्याचं खापर माझ्या डोक्यावर. तेवढ्यात ते आलेच.

"मॅडम, टेम्पो बाहेर उभा आहे. कुणाचं कुलूप हे?"

"माहीत नाही सर."

"तुम्हालाच माहीत नाही? मग कापा. विन्सेंट, स्टोअरमधून कटर आण. मॅडम, चालेल ना?"

आणि मी मान हलवली. हो, हलवली. ज्याचं कुलूप त्यालाच विचारल्याशिवाय कापायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये ओरडून शिकवणारी बाई मीच. विन्सेंट कटर आणायला गेला.

मिक्सरच्या मागे मी गेले ते काही जीव वाचवायला नाही. माझा तिसरा संशय परबकाकांवर होता. म्हटलं, या म्हाताऱ्यानेच बाजारातून सेम कुलूप आणून लावलं असणार आणि मागे तंबाखू मळत बसला असणार, आज रंगेहाथ पकडते. गेले तर तिथे कुणी नाही. मिक्सरच्या तोंडापाशी सेफ्टी शूजची एक जोडी, नीट शेजारी शेजारी ठेवलेली.

परबकाका मिक्सरमध्ये बूट घालून उतरत नाहीत. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यात चपला-बूट घालून जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. यावरून मी त्यांना लेखी वॉर्निंगसुद्धा दिली होती. तेच बूट होते. वाकून आत पाहिलं तर परबकाका उकिडवे बसून पातं खरवडतायत, कानात आवाज रोखायची बुचं. मी केवढ्याने ओरडले मलाच माहीत नाही.

"काय झालां मॅडम? आरडतास कित्याक?"

मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. पुढे नेलं. विन्सेंट कटर घेऊन आला होता, कटरचा जबडा कुलपाला लागलेलाच होता. परबकाकांना बघून त्याने कटर खाली टाकला. परबकाकांनी शांतपणे चिमट्याकडे पाहिलं.

"माझा सात नंबर खंय गेला? आणि ह्या कोणाचा?"

सगळ्यांना एका रांगेत उभं करून खिसे तपासले, लॉकर उघडले. कुणाकडे त्याची किल्ली नाही. कॅमेरा बघावा तर तो मेन स्विचकडे नाहीच, गेटकडे आहे, कारण आमच्याकडे माल चोरीला जाण्याची भीती जास्त. पहिल्या शिफ्टवाल्यांना फोन केले. परबकाकांनी एकच कुलूप लावलेलं तिघांनी पाहिलं होतं. शेवटी ते कुलूप कापलंच. मग मी कुलूप-वाटपाचं रजिस्टर काढलं. वीस ओळी, वीस नावं. एकविसाव्या ओळीत नंबर लिहिलेला, २१. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. शेवटच्या रकान्यात माझी सही.

सही माझीच. पुढच्या भरतीला सोपं जावं म्हणून मी त्या पानावरच्या रिकाम्या ओळींत सह्या करून ठेवल्या होत्या. पण तो आकडा? मी सगळ्यांच्या हस्ताक्षरातले आकडे ताडून पाहिले. नाईक सरांचे, विन्सेंटचे, स्टोअरवाल्याचे, माझे स्वतःचेसुद्धा. एकाशीही जुळला नाही. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी घाटकोपरला घरी जाऊन स्वतःचीच पर्स उलटी केली, किल्ली सापडते का बघायला.

दुसऱ्या दिवशी नाईक सरांनी दार लावून घेतलं. रिपोर्ट टाइप करून तयार होता. त्यात लिहिलं होतं की सेफ्टी ऑफिसरने जादा खबरदारी म्हणून दुसरं कुलूप लावलं होतं, त्यामुळे अपघात टळला. डुप्लिकेट किल्लीचा उल्लेख नाही, कार्डांचा नाही, कोऱ्या परमिटांचा नाही.

"सही करा मॅडम. तुम्ही हिरो, मी सुटलो, तुम्हीही सुटलात. नाहीतर परमिटवर शनिवारची सही कशी, ते आपण दोघं मिळून सांगू."

मी म्हणाले, "तो जुडगा मला द्या."

त्यांनी जुडगा टेबलावर ठेवला आणि मी सही केली. डुप्लिकेट किल्ल्या त्याच दिवशी विन्सेंटसमोर ग्राइंडरवर घासून टाकल्या. तेव्हा वाटलं, सौदा वाईट नाही. पंधरा दिवसांनी माझा सत्कार झाला, शाल, सर्टिफिकेट, टाळ्या. परबकाका गावच्या जत्रेहून आले आणि मला तिथलं गुळाचं खाजं देऊन म्हणाले, "तुमी कुलूप लावलात म्हणान मी आसंय." मी ते खाल्लं.

मागच्या महिन्यात परबकाका रिटायर झाले. शेवटच्या दिवशी मी त्यांना मिक्सरपाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. कोऱ्या सह्या, खोटा रिपोर्ट, मान हलवली तेसुद्धा. म्हटलं आता शिव्या द्या.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "त्या दिवशी कुलूप बघूक तुमी खाली इलासच नाय. सही मात्र होती."

"मग मीच कुलूप लावलं म्हणून खाजं कशाला आणलंत?"

"जेणां कोणी कुलूप लावल्यान तो काय खाजां खावक येवचो नाय. मागे धावत इलास तुमी."

मी धावत गेले नव्हते, त्यांना पकडायला गेले होते. हेही सांगितलं. ते फक्त हसले, बूट पिशवीत घातले आणि गेले.

आता प्रत्येक परमिटवर मी स्विचसमोर उभी राहून सही करते. नाईक सर अजून मॅनेजर आहेत, सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे. कापलेलं कुलूप माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कुणी लावलं, कधी लावलं, मला खरंच माहीत नाही. एवढंच माहीत आहे की त्या बुधवारी 'मी स्वतः जागेवर जाऊन पाहिले आहे' असं लिहून देणारी मी वर बसले होते, आणि ज्याने खरोखर पाहिलं, त्याने कुठेच सही केलेली नाही.