परातीच्या पाठीवरचा मोर

बाळांनो, माझ्या लग्नाच्या भांड्यांवर नावं घालणारा कारागीर नाशिकच्या भांडीबाजारात एका पायरीवर बसे. दिवसभर तो लोकांची नावं कोरी आणि प्रत्येक नावावर कंटाळून फुंकर मारी. माझ्या परातीच्या पाठीवर मात्र त्याने, कोणी न सांगता, मन लावून मोर कोरला.

आई चिडली. "तिथे बघणार कोण?"

"काठावरचं नाव तुमचं, बाई. मोर माझा," तो म्हणाला. "घासणारी बघेल की!"

मी इंग्रजी शिकलेली. भांड्यांना मोलकरीण ठेवली आणि मोर विसरले. काही वर्षांनी तिच्या दारात रांगोळीचा डौलदार मोर दिसला.

"कुठे पाहिलास गं हा?"

"तुमच्याच परातीच्या पाठीवर हाय की, बाई! कधी उलटी करून बघितली नाय व्हय?"