मिठाचे तवे

पीएफचा फॉर्म भरायला मी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो, तेव्हा हे गृहस्थ शेजारच्या कॉम्प्युटरवर बसले होते. पन्नाशी उलटलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ऑनलाइन विश्वकोशातले हौसा भाषेतले लेख सुधारायची कसलीशी मोहीम निघाली होती आणि ते त्यात दर्जा वाढवत होते. म्हणजे इंग्रजी परिच्छेद उचलायचा, भाषांतराच्या मशीनमध्ये टाकायचा आणि जे बाहेर पडेल ते हौसाच्या पानावर चिकटवायचं. दर पानानंतर ते चष्मा काढून पुसत. डोळ्यांना एवढे कष्ट कुठे पडत होते, देव जाणे.

"हौसा येते तुम्हाला?" मी विचारलं.

"आपल्याला कशाला यायला पाहिजे? मशीनला येते ना. तिकडे नायजेरियात बोलतात. वाचतील बिचारे."

माझ्या आजोबांचा उभा जन्म मिठागरात गेला. मी मोबाइलवर आमच्या आगरी समाजाचं मराठी पान काढून त्यांच्यापुढे धरलं. तेही असंच कुणीतरी इंग्रजीतून मशीनने आणलेलं. त्यात इंग्रजी 'Agri'मुळे आगरीचं 'कृषी' झालं होतं आणि 'सॉल्ट पॅन'मुळे मिठागरांचे तवे: 'कृषी समाजाचे लोक मिठाच्या तव्यांवर काम करत.'

वाचून ते खरोखर चिडले.

"कोण गाढव आहे हा? भाषा येत नाही तर हात कशाला लावायचा?"

मग त्यांनी चष्मा पुसला आणि हौसाचा पुढचा परिच्छेद चिकटवला.