हेमराजनं भरलेली चाकं

तांडापेठेत हेमराज निमजेच्या भित्रेपणाचे किस्से घरोघरी आहेत. गॅस बंद केला की नाही हे पाहायला हा माणूस अर्ध्या वाटेवरून परत येतो. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवत नाही. बायको सत्यवती वर पोचून चिडून उभी असते आणि हे महाशय साध्या पायऱ्या चढून धापा टाकत येतात. आता तो एका शाळेत शिपाई आहे, पण अर्धं आयुष्य बापाच्या हातमागावर गेलं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत जरा जास्त ताणलं की तुटायचं, आणि एक धागा तुटला की बाप अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडायचा. माग बंद पडला, बापही गेला. तरी काहीही ताणलेलं दिसलं की हेमराज अजून दोन पावलं मागे सरतो.

अशा माणसाच्या पोटी अंजू जन्मली. तिचा डावा पाय जन्मापासूनच आखूड, पण भीती तिच्या गावीही नव्हती. कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे संगणकावरचं काम लागलं तेव्हा तिनं जाहीर केलं, रोज कुणाच्या मागे बसून जाणार नाही, स्कूटर घेणार. स्कूटरचं नाव ऐकून हेमराजचं जेवण सुटलं. शेवटी तडजोड निघाली ती तीन चाकी सायकलची. पुढे दोन चाकं, मागे एक, म्हणजे थांबल्यावर पाय टेकवायला नको. सांगाडा ओळखीच्या वेल्डिंगवाल्यानं जोडून दिला, पण पुढची चाकं तयार मिळेनात. मधले हब अपंगांच्या गाडीचे, रिंगा लहान मुलांच्या सायकलच्या. त्यांचं जमवायचं तर स्पोकच्या तारा कापून, टोकांना आटे पाडून एकेक तार हातानं भरायला हवी होती.

चौकातला सायकलवाला कवडू म्हणाला, "माह्याकडे ठेवून दे गा. भरून देतो."

"नाई गा. पोरीचा जीव त्या चाकांवर राहीन. दुसऱ्याच्या हातचं नको मले."

कवडूनं राग मानला नाही. उलट तारा कसायची चावी त्याच्या हातात दिली.

हेमराजनं अंगणात बसून चाकं भरली. एक तार वरून, एक खालून, ओवत जायचं. मागावर बसलेल्या हातांना त्यात काय अवघड! अवघड होतं ते कसणं. चावी फिरवली की तार कुर्र करायची. लगेच तो चावी उलटी फिरवून तिला जरा सैल करी. तारा नरम राहिल्या, पण सगळ्या सारख्याच नरम, त्यामुळे चाक फिरवलं तर कुठेही डुलत नव्हतं. सत्यवतीनं कौतुकानं हळदकुंकू वाहिलं. अंजू पहिल्या दिवशी निघाली तेव्हा ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी हेमराज रस्त्यातच उभा होता.

थोडे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी उजव्या चाकाची एक तार मुळाशी तुटलेली दिसली. कुणाला न सांगता हेमराजनं ती बदलली, आणि पुन्हा तुटू नये म्हणून बाकीच्याही थोड्या ढिल्या केल्या. त्यानंतर तो चाकांना हात लावायलाही घाबरू लागला. रोज संध्याकाळी नुसतं लांबून वाकून पाहायचा.

"पोरीले कापसात गुंडाळून ठेवा आता," सत्यवती म्हणाली.

परत एक तार तुटली. ती बदलून त्यानं अंजूला जाऊ दिलं, पण शाळेत त्याचं लक्ष लागेना. पोचल्या पोचल्या रजा टाकून, तुटका तुकडा खिशात घालून तो कवडूकडे गेला. कवडूनं तुकडा डोळ्यांजवळ धरला.

"किती कसल्या होत्या?"

दोन तारा चिमटीत धरल्या की किती दबतात, ते हेमराजनं बोटांनी दाखवलं. कवडूनं हातातला चहा खाली ठेवला.

"अगा, हे ताणानं नाई तुटलं. ढिली तार दर फेऱ्याले हालते, हालून हालून मुळाशी तुटते. आन दोन चाकी सायकल वळणावर झुकते, तीन चाकी कशी झुकन? सारा भार आडवा चाकावर येते. ढिलं चाक घडी होऊन पडन. पोरगी कुठी आहे?"

"कळमन्याले गेली. वाटंतच असन."

कवडूनं मोटारसायकल काढली. हेमराज मागे बसला खरा, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. संत्र्यांचे ट्रक कर्कश हॉर्न देत अंगावर येत होते. प्रत्येक ट्रकच्या पुढे त्याला अंजूच दिसत होती. आपणच केलं हे, आपल्या हातांनी केलं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

पुलाच्या उतारावर सायकल आडवी पडलेली दिसली. उजव्या चाकाचा आठ झाला होता. अंजू कुठेच नव्हती. हेमराज गाडीवरून उतरून सायकलकडे धावला.

ती पलीकडे चहाच्या टपरीवर होती. कोपर खरचटलेलं, ओढणी फाटलेली, हातात पाण्याचा गिलास. टेम्पो आडवा आला, तिनं सायकल वळवली आणि चाक बसलं. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून निभावलं. हेमराज तिच्या पायाशी मटकन बसला आणि चारचौघांत रडला.

मग कवडूनं मोडकं चाक उचलून आणलं. हेमराजनं ते निरखून पाहिलं. तीन तारा मुळाशी तुटलेल्या होत्या आणि बारीक सुतानं शेजारच्या तारांना बांधलेल्या होत्या. गाठ इतकी चपटी की लांबून दिसूच नये. मागावर तुटलेला धागा जोडायची ती गाठ त्यानंच अंजूला लहानपणी शिकवली होती.

"काहून वं?" त्यानं विचारलं.

"तुमाले दिसलं असतं तं तुमी सायकलच बंद केली असती."

ते खरंच होतं.

दुपारी कवडूच्या दुकानात नवी रिंग भरून झाली. कसायची वेळ आली तेव्हा हेमराजनं चावी कवडूपुढे केली. अंजूनं ती मधेच घेतली आणि परत बापाच्या हातात दिली. हेमराज कसू लागला. तार कुर्र करू लागली, तसा तो थांबला.

"अजून," अंजू म्हणाली.

त्यानं फिरवली.

"अजून, बाबा."

"तुटन वं!"

"तुटू द्या. इथं तुमच्या हातात तुटन. रस्त्यावर नाई."

हेमराजनं डोळे गच्च मिटले आणि चावी फिरवली.