आधी बोल्ट, मग हळदकुंकू

खोटं कशाला बोलू, बाबांच्या मोटारसायकलपायी माझा देवाशी अबोलाच झाला होता. रोज दिवा लावायचे, हात जोडायचे, पण मनातून काही नाही. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. मी पहिलीत असताना त्यांनी ही गाडी घेतली. दर अंगारकीला कळव्याहून टिटवाळ्याला आमची वरात निघायची. बाबा पुढे, आई मागे एका बाजूला पाय करून आणि मी टाकीवर, तोंडात वारा भरून घेत. परतताना पेढ्याचा पुडा माझ्याच मांडीवर असायचा, आणि घर येईपर्यंत तो अर्धा झालेला असायचा. काय ते दिवस होते!

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर आईची आठवण हळूहळू जायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता यात सुधारणा नाही. ती रोज विचारायची, "हे आले का गं?" सुरुवातीला मी खरं सांगितलं, तर दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. मग मी "येतील" म्हणायला लागले. घराबाहेर पडायला तयार नसायची. एकच धोशा, "टिटवाळ्याला जाऊ, आपल्या गाडीवरून." टिटवाळा म्हणजे काय हेही ती विसरेल, त्याआधी तिला एकदा तरी न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून मी गाडी नव्यासारखी करायला घेतली. सगळी उघडून, सांगाड्यापासून काळाभोर चकचकीत रंग मारून घेतला. बाबा असते तर बघतच राहिले असते, असं मला वाटलं. आणि तिथूनच साडेसाती सुरू झाली. नवी बॅटरी दोन दिवसांत उतरायची. हेडलाइट मिणमिणायचा, हॉर्नचा घसा बसलेला. एका मेकॅनिकने कॉइल बदलली, दुसऱ्याने चार्जिंगचा रेग्युलेटर. तिसरा म्हणाला, "ताई, भंगारात द्या." त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

शेवटी म्हटलं, गेलं खड्ड्यात! घरीच बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि एका मंगळवारी सकाळी आईला हेल्मेट घालून मागे बसवलं. बाई अशी खूश, की कल्याणपर्यंत माझ्या पाठीला गाल लावून काहीबाही बोलत होती. शहाड सोडलं आणि थोड्याच वेळात गाडी आचके देत बंद पडली. वर ऊन रणरणत होतं. आईला झाडाखाली बसवलं, तर तिने विचारलं, "हे कुठे गेले?" माझा धीर सुटला. वर बघून मी चक्क भांडले, "एवढंही जमत नाही का रे तुला आमच्यासाठी?"

तेवढ्यात एक स्कूटर थांबली. सत्तरीचे गृहस्थ, गळ्यात छोटा क्रूस. "काय झालं गो बाय?"

"काका, तीन मेकॅनिक थकलेत. तुम्ही जा आपले."

"मंग चौथ्याला बघू दे की," म्हणून ते हसले आणि खाली बसलेसुद्धा. आपल्या स्कूटरच्या बॅटरीवरून त्यांनी आमची गाडी चालू केली. हेडलाइट लावून मला रेस वाढवायला सांगितली. उजेड होता तेवढाच. मग त्यांनी सीट काढली, वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक रेग्युलेटरच्या अंगाला टेकवलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला. भर उन्हात हेडलाइट लख्ख झाला!

"चार्जिंग होतंय गो, पन बॅटरीपरत पोचत नाय. अर्थिंगच नाय. रेग्युलेटरच्या ह्या बोल्टाखाली लोखंडाला लोखंड लागाया पायजे. तू मधी रंग मारलास." त्यांनी डिकीतून पॉलिश पेपर काढला, बोल्ट खोलला आणि माझा तो लाडका रंग खरवडायला लागले.

आई कधी उठून जवळ आली कळलं नाही. ती वाकून बघत होती. "दसऱ्याला हे असंच घासतात," ती म्हणाली. "आधी बोल्ट, मग हळदकुंकू. तोवर कुणाला गाडीला हात लावू देत नाहीत."

 दर दसऱ्याला बाबा सीट काढून काहीतरी घासत बसायचे, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. मला वाटायचं, पूजेआधीची साफसफाई असेल. ते गेल्यावर मी हार घातले, नारळ फोडले, बोटभर कुंकू लावलं, पण तो बोल्ट एकदाही उघडला नाही. आणि सगळं विसरलेल्या माझ्या आईला ते आठवलं होतं.

"पोरगी शिकली नाय वाटतं," काका म्हणाले. "शिकेल आता," आई म्हणाली. निघताना मी त्यांचं नाव विचारायलाही विसरले. ते म्हणाले, "गनपतीला माजा बी नमस्कार सांग," आणि गेले.

गाडी टिटवाळ्यापर्यंत एकदाही अडखळली नाही. माझं मागणं ठरलेलं होतं, बाकी काहीही घे, आईची आठवण परत दे. पण गाभाऱ्यासमोर हात जोडले आणि ते मागायच्या आधी मी आईकडे वळून बघितलं. आई बराच वेळ मूर्तीकडे बघत होती. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "हे नाहीत ना गं आता?"

"नाही, आई."

ती रडली नाही. हात जोडून देवाला म्हणाली, "पोरीने आणलं मला. एकटी आहे ती. तिच्याकडे लक्ष असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा विचारलं, "हे आले का गं?" आता तर कधीकधी ती मलाही ओळखत नाही, अहोजाहो करते. पण देवाशी मी भांडत नाही. किती द्यायचं आणि किती न्यायचं, ते त्याने ठरवावं. तिला एवढीशीच शुद्ध आली होती, आणि त्या तेवढ्या वेळात तिने स्वतःसाठी काही मागितलं नाही, माझ्यासाठी मागितलं. मला पुरे आहे.