आठ भोकांचा पुठ्ठा

बापू सावंत इंजिन दातांनी ऐकायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दाढेत धरायची आणि डोळे मिटायचे. तीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात फिटरकी करून कान जवळजवळ गेले होते. हाडांतून मात्र सगळं पोचायचं. मग मूठ काढून निकाल द्यायचे, "तीन नंबर खोकता हा."

त्यांना पहिल्यांदा हे करताना पाहिलं, तेव्हा मी शेजारच्याला हळूच म्हटलं, "किळस नाही येत यांना?" बापू समोरून म्हणाले, "रे झिला, ऑफिसात पाकिटाक जीभ लावतंस, ता चलता?" साचेखात्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ वाचायला शिकतात, हे मला माहीत नव्हतं. मला माहीत नसलेल्या गोष्टींची यादी बरीच लांब होती.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मेहताचा बादल्यांची झाकणं बनवायचा गाळा होता. त्यातली अर्धी जागा त्याच्या जुन्या, दोन सीटच्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीने अडवलेली. दर रविवारी आम्ही चौघं तिच्याभोवती जमायचो: मेहता, बोरीवलीचा फर्नांडिस, ज्याच्या घरी तशीच दुसरी गाडी मोडून पडली होती, जोगेश्वरीहून येणारे बापू, आणि मी. माझी पात्रता एवढीच, की मी विमा कचेरीत कारकून होतो आणि गाड्यांची मासिकं वाचायचो. बापूंची गिरणी बंद पडली होती. त्यांना अजून कुणी फिटर समजत असेल, तर ते त्या गाळ्यातच.

तीन रविवार खपून बापूंनी मेहताच्या इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह घासून आपापल्या जागी बसते केले होते. दिसायला सारखे असले, तरी घासल्यावर प्रत्येकाची जागा ठरते. अदलाबदल झाली की गळती. म्हणून पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, आकडे घालून, त्यात ते ओळीने खोचून ठेवले होते. चौथ्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि वॉचमनकडून किल्ली घेऊन गाळा उघडला. पुठ्ठा तेलकट, व्हॉल्व्ह कळकट. म्हटलं, आपलाही हातभार लागू दे. आठही व्हॉल्व्ह रॉकेलच्या पातेल्यात धुतले, कोऱ्या फडक्याने पुसले, ताटात कमळाच्या पाकळ्यांसारखे मांडले आणि तो घाणेरडा पुठ्ठा फेकून दिला.

बापू आले. त्यांनी ताटातला एक व्हॉल्व्ह उचलून पाहिला. मग म्हणाले, "हळदीकुंकू आसा काय रे?"

तेवढ्यात मेहता आणि फर्नांडिस आत शिरले.

"वाट लागली!" मेहताने कपाळाला हात लावला. "कोणी केलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत बापू म्हणाले, "माझ्या हातसून पुठ्ठो पडलो."

मी तोंड मिटलं. त्या दिवशी मी नीट केलेलं हे एकच काम.

पुढचे दोन रविवार बापू पुन्हा घासत बसले. तेही जपून, कारण घासायला फारसा धातू उरला नव्हता आणि तसे व्हॉल्व्ह इथे मिळत नव्हते. मी शेजारी बसून घासायची पेस्ट पुढे करायचो, फार मन लावून. दुसऱ्या रविवारी फर्नांडिस मेहताला म्हणाला, "माझं इंजिन बापूंना नाही देत यार. थकले ते आता. साधा पुठ्ठा सांभाळता येत नाही." बापूंना ऐकू येत नाही, या भरवशावर तो बोलत होता. पण बापूंचं तोंड त्याच्याकडेच होतं. त्यांचे हात थांबले. मग पुन्हा फिरू लागले.

मी उठलो. "पुठ्ठा मी फेकला. व्हॉल्व्ह मी धुतले."

"तू?" फर्नांडिस म्हणाला. "मग पंधरा दिवस गप्प का बसलास रे?"

मी पेस्टची डबी खाली ठेवली.

बापू भडकले, ते माझ्यावरच. "मेल्या, कोणी सांगितल्यान तुका बोलाक? माझा नाव तीस वर्षांचा. एक डाग पचता. तू चार महिन्यांचो! हे तुका परत पान्याक हात लावूक देतले काय?"

बरोबरच होतं त्यांचं. फर्नांडिस खाली बघत म्हणाला, "बापू, सॉरी. पुढच्या रविवारी इंजिन आणतो. पण ह्याला लांब ठेवा."

"आण," बापू माझ्याकडे बोट करून म्हणाले. "पण खोलतलो तो होच."

मेहताची गाडी पुढे झकास धावली. बापू गावी गेले आणि तिथेच वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण बापू म्हटलं की मला फर्नांडिसच्या इंजिनाचा तो रविवार आठवतो. मी पहिला व्हॉल्व्ह काढून नव्या पुठ्ठ्याच्या एक नंबरच्या भोकात खोचला. फर्नांडिस माझ्या खांद्यावरून वाकला होता, मेहता तर श्वास रोखून उभा. बापू दारात स्टूल टाकून, आमच्याकडे पाठ करून चहा पीत बसले होते. आठवा व्हॉल्व्ह निघेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.